पटाच्या पलीकडं

१

शर्यतीच्या आदल्या दिवशी बैलांना पट, म्हणजे पळायचा रस्ता, दाखवावा लागतो. हाकणारा कितीही तयारीचा असो, बैलांनी नव्या गावचा पट आधी पाहिला नसेल तर ऐन वेळी ते बिचकतात, आडवे होतात, आणि वर्षभर चारलेली सरकी-पेंड पाण्यात जाते. म्हणून दोरी धरून, सावकाश चालत, सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांना एकदा न्यायचं. शेवटाला घरचं माणूस उभं करायचं. ज्याच्या हातचं ते खातात, ज्याच्या हाकेला कान टवकारतात, असं माणूस. शंकरपटात आता चाबूक चालत नाही, पराणी चालत नाही, सगळं कॅमेऱ्यात दिसतं. बैल पळतो तो समोर उभ्या असलेल्या आपल्या माणसाकडे.

नवलच्या जोडीचं ते माणूस म्हणजे त्याची बायको दिपमाला. एका बैलाचं नाव नवलनं ठेवलं होतं, बुलेट. दुसऱ्याचं तिनं ठेवलं होतं, मन्या. यावरूनच दोघा नवराबायकोचा स्वभाव ओळखा. बुलेटची आई वितानाच गेली, तेव्हा हिनं त्याला बाटलीनं दूध पाजून जगवलं. मन्या लहानपणी आजारी पडला, तर ही गोठ्यातच अंथरूण घालून निजली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. कुणी त्यावरून खोचक बोललं की ती उत्तर न देता उठायची आणि बैलांपाशी जाऊन बसायची. नवल हसत हसत चारचौघांत सांगायचा, ‘‘बैल तिचे, मी नुसता वर बसणारा.’’ त्यात खोटं काही नव्हतं.

चोपड्याकडच्या, यावलकडच्या पटांवर जोडीनं नाव काढलं होतं, पण तापी ओलांडून ती कधी गेली नव्हती. यंदा धुळ्याकडून बोलावणं आलं. साकिबची पिकअप ठरली. साकिब म्हणजे नवलचा शाळेपासूनचा दोस्त. गाडी चालवण्यापेक्षा तोंड चालवण्यात पटाईत. अमळनेर मागे पडलं, आणि नवलनगरची पाटी दिसल्याबरोबर त्यानं हॉर्न वाजवला.

‘‘अबे नवल भो, तुझ्या नावाचं गाव! उतर, सरपंच वाट पाहत असंल!’’

दिपमाला खळखळून हसली. मागे बैल मजेत रवंथ करत होते. सगळं कसं छान चाललं होतं.

महामार्ग लागायच्या थोडं आधी गाडी आत वळली. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या. तिथं बैलांनी रवंथ थांबवला. नवलनं मागच्या काचेतून पाहिलं तर दोघांनीही माना उंच केल्या होत्या, आणि दोघांचेही कान एकाच बाजूला वळले होते.

‘‘पाण्याचा वास लागना व्हई,’’ दिपमाला म्हणाली.

लागला असेल. दुपारची वेळ होती आणि बैल तहानलेले होते.

२

पट भरवणारा अभिमन पाटील तोंडभर हसून सामोरा आला. आडवा बांधा, खांद्यावर टॉवेल, सतत कुणाला तरी फोन. त्यानं बैलांची पाठ थोपटली, पाण्याची टाकी दाखवली, गोठा दाखवला. ‘‘पट त्या बांधाच्या मागं,’’ त्यानं हात केला. ‘‘पाणी पाजा, दम खाऊ द्या, मंग मी येस दाखाडाले.’’

पण बैल टाकीकडे वळलेच नाहीत. दोरी नवलच्या हातात होती, आणि ती त्याला ओढत होती. तहानलेलं जनावर पाणी सोडून जातंच कसं! दोघेही बांधाला वळसा घालून, एका बारक्या वाटेनं, बाभळीची फांदी चुकवत सरळ पटाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. जोडीनं. डावीकडे बुलेट, उजवीकडे मन्या, जसे जुवाखाली उभे राहतात तसे.

अभिमन मागून धापा टाकत आला. ‘‘बैल आधी येयेल दिसतस आठे?’’

‘‘नाही हो. तापीच्या अलीकडं आजच पहिल्यांदा आणले.’’

‘‘पण पट तर याच साली पहिल्यांदा भरवतोय आम्ही. मागच्या आठवड्यापर्यंत पडीक होतं हे बठ्ठं.’’ त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि त्याचा फोन वाजला.

नवल हा डोक्यानं चालणारा गडी. अंगात येणं, उतारा टाकणं, असल्या गोष्टींची तो टर उडवायचा. त्यानं लगेच हिशेब लावला: दुसऱ्या एखाद्या जोडीचा वास आला असणार. मग त्याला आठवलं की गोठे रिकामे होते. बाकीच्या जोड्या संध्याकाळनंतर यायच्या होत्या. असो, म्हणाला तो मनाशी, आणि चपला काढल्या.

नवा पट तो नेहमी अनवाणी चालून पाहायचा. कुठं माती भुसभुशीत, कुठं खडा, कुठं दबलेली, हे तळव्याला कळतं तसं डोळ्याला कळत नाही. हा पट झकास होता. सरळ, पक्का, दाबून घेतलेला. शेवटाला चुन्याची रेघ, आणि रेघेपुढं गाड्या थांबायला भलंमोठं मोकळं रान. त्या रानाच्या टोकाला मात्र जमीन एकदम संपल्यासारखी दिसत होती.

‘‘तिकडं काय आहे?’’

‘‘खदान शे जुनी. मुरूम काढला होता रस्त्यासाठी. पाणी भरलंय आता,’’ अभिमन म्हणाला. ‘‘पण तिथवर कशाला जाईल बैल? केवढी जागा पडली शे थांबायला!’’

खरंच होतं. केवढी जागा होती.

दिपमाला रेघेच्या पलीकडे, ओच्यात सरकीची ढेप घेऊन उभी राहिली. नवल बैलांना घेऊन निघाला. साकिब बाजूनं मोबाईलवर शूटिंग करत चालला. दिपमालानं नेहमीची हाक दिली, लांबलचक, शेवटाला वर चढणारी. एरवी ती हाक ऐकली की मन्या शेपटी वर करायचा आणि नवलला फरपटत न्यायचा.

आज दोघांनी कानही हलवला नाही. ते ऐटीत, संथ चालत राहिले. तिच्याजवळ आले. तिनं हात पुढं केला, हातात ढेपेचा तुकडा. मन्या तिला घसटून पुढं गेला. एखाद्या खांबाजवळून जावं तसा.

‘‘मन्या! ए मन्या, आंधया व्हयना का रे?’’ ती हसून म्हणाली.

बैल आणखी थोडं चालले आणि मोकळ्या रानात, जिथं काहीच नव्हतं, तिथं थांबले. दोघांनी माना खाली घातल्या. नुसत्या खाली नाही. पुढं ताणून, गळ्याखालची लोंबती पोळी मोकळी सोडून, डोळे अर्धे मिटून. कुणी गळ्याखाली खाजवायला लागलं की बैल जसा लाडात येतो, अगदी तसे. मन्यानं जीभ बाहेर काढली आणि हवेत, कमरेएवढ्या उंचीवर, काहीतरी चाटलं.

दिपमालाचं हसू तोंडावरच राहिलं.

३

‘‘सासुरवाडी सापडली वाटतं यांना,’’ साकिब म्हणाला. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं मोबाईल खिशात घातला.

नवलनं ती जागा पायांनी उकरून पाहिली. मीठ सांडलं असेल, गूळ सांडला असेल, जनावरं मीठ शोधून काढतात. माती चिमटीत घेऊन त्यानं जिभेला लावली. माती मातीसारखी होती. त्या जागी तो स्वतः उभा राहिला, समोर पाहिलं, मागं पाहिलं. काही नाही. दूर महामार्गावरून ट्रक जात होते आणि त्यांचा आवाज इथपर्यंत येत होता.

शहाण्या माणसानं तिथंच गाशा गुंडाळला असता. पण एवढ्या लांबून येऊन, बैलांनी लाडात येऊन मान खाली घातली म्हणून परत जायचं? चोपड्यात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. त्यानं उन्हं कलल्यावर शर्यतीची हलकी छकडी जुंपली. निम्म्या वेगानं एक फेरी काढायची, एवढंच. जुवाखाली आले की बैलांचं ध्यान थाऱ्यावर येतं, हा त्याचा अनुभव.

दिपमाला पुन्हा रेघेपलीकडं जाऊन उभी राहिली. या वेळी तिनं पदर खोचला होता आणि हाकेत हट्ट होता. ‘‘आता बघते कसे येत नाहीत.’’

बैल सुटले. निम्मा वेग त्यांना ठाऊकच नव्हता जणू. छकडी उडायला लागली, चाकांचा खडखडाट कानात भरला, नवलनं कासरा पोटाशी ओढून धरला. समोर दिपमाला वाढत वाढत मोठी झाली. तिचं तोंड उघडं होतं, ती हाक मारत होती. बैलांनी तिच्या अंगावर न जाता तिला बरोबर बगल दिली, आणि नवलला क्षणभर तिचा चेहरा दिसला. इतकी दुखावलेली ती त्याला कधीच दिसली नव्हती. तिची आई वारल्याची बातमी आली त्या दिवशीसुद्धा नाही.

दुपारची जागा आली आणि गेली. बैल थांबेनात. नवल कासऱ्यावर पाय रोवून मागं रेलला, ओरडला, बुलेटच्या वेसणीला झटका दिला. काही उपयोग नाही. खदानीच्या काठची बाभळीची झुडपं स्पष्ट दिसायला लागली.

मग बैल आपणहून थांबले. हळुवार, छकडीला धक्कासुद्धा न देता. दुपारच्या जागेपासून चांगलेच पुढं. काठ अजून दूर होता, पण आता फारसा नव्हता.

माना खाली गेल्या. नवल छकडीवर बसल्या बसल्या पाहत होता. बुलेटची मान त्याच्या अगदी समोर होती. पांढऱ्या मानेवरचे बारीक केस, वशिंडापासून शिंगांकडं, एका पट्ट्यात दबले. मग उठले. मग पुन्हा तिथूनच दबले, सावकाश. कातडी सुखानं थरथरली. बुलेटनं मोठा उसासा सोडला.

वारा असेल, नवल म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं बाभळींकडे पाहिलं. त्यांचं पानही हलत नव्हतं.

बैलांना मागं वळवायला त्याला आणि साकिबला दोघांना मिळून ओढावं लागलं. दिपमाला वाटेत जागच्या जागी उभी होती. तिच्या ओच्यातली ढेप खाली पडली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं.

४

अभिमनच्या घरून शेवभाजी आणि भाकरी आली. साकिब पिकअपमध्ये जेवून तिथंच लवंडला. बाकीच्या जोड्या येऊन पोचल्या होत्या. गोठ्यांतून घुंगरं वाजत होती, कुणीतरी गाणी लावली होती. त्या जोड्यांचे बैल पाणी पीत होते, कडबा खात होते, इकडंतिकडं बघत होते. त्यातल्या एकानंही खदानीकडं तोंड केलेलं नव्हतं. नवल मुद्दाम एकेका गोठ्यावरून फिरून आला तो एवढंच पाहायला.

परतला तेव्हा दिपमाला ताट तसंच पुढं ठेवून बसली होती.

‘‘मी वाढवं त्यासले,’’ ती म्हणाली. ‘‘आणि माले ओळखं नही.’’

‘‘नवी जागा आहे. बिचकले.’’

‘‘बिचकेल जनावर असं लाडात येतं का? माले शिकाडू नका तुम्ही.’’ तिचा आवाज चिरकला. ‘‘त्यासनी ऐकी मनी हाक. ऐकून सोडी दिधी. कोण शे तठे?’’

‘‘कोन्ही नही शे.’’

‘‘तुम्ही जवळ होतात. तुम्ही काय देखं?’’

नवलच्या डोळ्यांपुढं ते दबणारे, उठणारे केस आले. आयुष्यात तो बायकोशी फार खोटं बोलला नव्हता, त्यामुळं त्याला ते जमलं नाही. त्यानं नजर ताटाकडं वळवली, आणि त्यातच तिला कळायचं ते कळलं.

‘‘आपण पळवायचे नाहीत बैल,’’ तो अखेर म्हणाला. ‘‘लोक हसले तर हसू देत. उद्या पूर्ण वेगात सुटले तर ते कुठं थांबतील, मला नाही सांगता येत. आणि समोर तू उभी असशील. सकाळी उजाडलं की भरू गाडीत आणि घरी जाऊ. बैल गेले तर दुसरे आणता येतील. तुला काही झालं तर मी काय करू?’’

एवढं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. एरवी ती विरघळली असती. आज तिनं मान डोलावली, लगेच, काही न विचारता.

‘‘बरं. जाऊत घर.’’

नवलचा जीव भांड्यात पडला. त्यानं ताटातली भाकर तिच्या हातात दिली आणि तिनं ती खाल्लीही. पडल्या पडल्या त्याला वाटलं, ही इतक्या सहज कशी कबूल झाली? पण दिवसभराच्या ओढाताणीनं अंग आंबलं होतं, आणि ती शेजारीच होती, तिचा हात त्याच्या दंडावर होता. त्याला झोप लागली.

५

तांबडं फुटलं तशी त्यानं साकिबला उठवलं. दिपमाला अंथरुणात नव्हती. बैलांपाशी गेली असणार. नवल गोठ्यात आला तर बैल एकटेच. तोंड धुवायला गेली असेल, असं म्हणून त्यानं बैल सोडले. गाडीत चढवताना मन्या दरवेळी नाटकं करायचा, आज दोघेही न ढकलता फळीवरून चढले आणि उभे राहिले. दोघांची तोंडं एकाच दिशेला. कान टवकारलेले. तिथून पट दिसत नव्हता, खदान तर नाहीच नाही, मध्ये बांध होता. तरी ते बांधाकडं असे पाहत होते की पलीकडचं सगळं त्यांना दिसत असावं.

मग मन्या हंबरला. मायेनं, हळू. दिपमाला वैरण घेऊन येताना दिसली की तो हंबरायचा, तसा.

नवलनं हातातली दोरी टाकली.

‘‘वहिनी कुठं गेली?’’ साकिब विचारत होता, पण नवल धावत सुटला होता. बांधाला वळसा, बारकी वाट, बाभळीची फांदी. ती तोंडावर सपकन बसली, त्याला कळलंही नाही. पट मोकळा पडला होता. चुन्याची रेघ ओलांडली. कालची दुपारची जागा गेली. संध्याकाळची जागा गेली.

दिपमाला खदानीच्या अगदी काठावर उभी होती. पाठमोरी.

तिची मान खाली होती. पुढं ताणलेली, सैल सोडलेली. पदर घसरून हातावर आला होता. वेणी खांद्यावरून पुढं सारलेली होती, नीट, काळजीनं, आणि ती तशी कधीच घेत नसे. मानेवरचे बारके केस दबले, उठले, दबले.

‘‘दिपा!’’

तिनं ऐकलं. ते त्याला पक्कं कळलं, कारण तिच्या खांद्याची किंचित हालचाल झाली. ऐकून तिनं सोडून दिलं.

तो धावता धावता रडत होता. काय बोलत होता ते त्याचं त्यालाच माहीत. शपथा घालत होता, मागं ये म्हणत होता, बैल विकून टाकतो म्हणत होता. शेवटची पावलं त्यानं खाली मान घालून टाकली. तिच्यापुढं कोण आहे ते त्याला बघायचं नव्हतं. फक्त तिचा हात धरायचा आणि ओढायचं, इतकंच त्यानं ठरवलं होतं, आणि तेवढं त्यानं केलं. मनगट हाताला लागलं. ऊबदार होतं. जीव होता त्यात. नवलला हुंदका फुटला.

‘‘चाल,’’ तो म्हणाला. ‘‘चाल, घर जाऊत.’’

‘‘थांबा ना जराखा,’’ दिपमाला म्हणाली. डोळे मिटलेलेच होते आणि आवाज झोपाळलेला, सुखावलेला. ‘‘किती दिवसांनी.’’

त्यानं सगळा जोर लावून ओढलं. ती हलली. एक पाऊल मागं आली, खरंच आली. आणखी एक. आता फक्त वळायचं होतं.

खाली घातलेल्या त्याच्या नजरेला काठावरची माती दिसत होती. तिच्या पायांसमोर, जिथं अजून दोन हात जमीन होती, तिथली माती दबली. दोन ठिकाणी. कुणी पुढं झुकताना पाय घट्ट रोवावेत, तशी.

मग त्याच्या मानेवर हात आला.

भीती वाटायला हवी होती. भीतीची तो वाट पाहत होता. पण तो हात जड होता, कोरडा होता आणि मायेचा होता. तो कानामागून खाली आला, सावकाश, मणक्याच्या कडेकडेनं, आणि लहानपणापासून तिथं जे काही आखडून बसलं होतं ते एकदम सैल झालं. असं आपल्याला कुणीच कधी कुरवाळलं नाही, हे नवलला आज कळलं. त्याला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं. दिपमालाच्या मनगटावरची पकड ढिली पडली, की तिनंच त्याची बोटं आपल्या बोटांत गुंफून घेतली, ते काही त्याला सांगता आलं नसतं. त्याची मान आपसूक खाली गेली, पुढं ताणली गेली.

हात थोडा पुढं सरकला. ती दोघं त्याच्यामागं थोडी पुढं सरकली.

मागं लांबवर कुणी माणूस पटावरून धावत येत होता आणि जिवाच्या आकांतानं हाका मारत होता. नवल, नवल, असं काहीतरी तो कुणालातरी म्हणत होता.